बाटली तीच, प्रश्न दुसरा

आइनबेक, जर्मनी : १८१७ च्या सुमारास

दुकानाचं दार ढकलताच वासांची गर्दी अंगावर येते. सुकलेली मुळं, मेण, व्हिनेगर आणि सगळ्यांवर मात करणारा अफूचा जड, कडवट वास. या छोट्या गावात फ्रीडरिश झेर्ट्युर्नर औषधांचं दुकान चालवतो. तुम्ही कोण, कुठून आलात, हे तो विचारत नाही. काळातून मागे जाणाऱ्याला एक सवलत असते, तो कुणाला दिसत नाही. आणि एक बंधन असतं, त्याला मध्ये बोलता येत नाही. आज दोन्हींची गरज पडणार आहे.

मागच्या खोलीत तीन मुलं बसली आहेत. एकही सतराच्या पुढचा नाही. झेर्ट्युर्नर एक पांढरट पूड अल्कोहोलात विरघळवतो, वर पाणी घालतो. ही पूड त्याला मिळाली त्याला बारा वर्षं होऊन गेली. तेव्हा तो पाडरबॉर्नमध्ये क्रामर यांच्या दुकानात उमेदवारी करत होता. अफूबद्दल डॉक्टरांचं रडगाणं रोजचंच होतं: तेवढीच मात्रा एका रोग्याला झोपवते, दुसऱ्याला लागतच नाही, तिसरा त्या झोपेतून उठत नाही. पीक बदललं की गोळ्याची ताकद बदलायची आणि ती मोजायचं साधन कुणाकडे नव्हतं. झेर्ट्युर्नरनं अफूचा गरम पाण्यात अर्क काढला, त्यात अमोनिया ओतला, तळाशी राखाडी स्फटिक बसले. ते आम्लात विरघळवून पुन्हा खाली बसवले, धुतले आणि कुत्र्यांना खाऊ घातले. कुत्री झोपली. त्यानं हे छापलंही, पण दुकानातल्या उमेदवाराकडे लक्ष द्यायला विद्वानांना सवड नव्हती. म्हणून आज कुत्र्यांच्या जागी माणसं आहेत आणि त्यांत तो स्वतःही आहे.

अर्धा ग्रेन, म्हणजे साधारण ३० मिलिग्रॅम, प्रत्येकाच्या पोटात जातो. मुलांचे गाल तांबूस होतात. अर्ध्या तासानं पुन्हा तेवढाच. मळमळ सुरू होते, डोकं जड होतं. पाव तासानं तिसऱ्यांदा. पाऊण तासात ९० मिलिग्रॅम! तुम्हाला माहीत आहे की ही मात्रा धोक्याची आहे. तुम्ही ओरडायला तोंड उघडता, आवाज फुटत नाही. पोटात कळा, गुंगी, हातपाय लुळे. झेर्ट्युर्नरलाही ग्लानी येऊ लागते, तेवढ्यात त्याला व्हिनेगर आठवतं. तो ते सगळ्यांना घटाघटा पाजतो. उलट्या होतात, चौघंही वाचतात.

त्या पुडीला त्यानं स्वप्नांच्या देवतेवरून नाव दिलं. आपण तिला मॉर्फिन म्हणतो. वनस्पतीतून वेगळं काढलेलं हे पहिलं क्रियाशील अल्कलॉइड. दहा वर्षांत, १८२७ मध्ये, डार्मश्टाटचे मेर्क ते बनवून विकू लागले. पण या खोलीतून तुम्ही उचलायची गोष्ट मॉर्फिन नाही, रीत आहे. अर्क फोडायचा, प्रत्येक वाटा तपासायचा, जो वाटा उत्तर देईल तो ठेवायचा, बाकीचे ओतून द्यायचे, आणि ठेवलेला पुन्हा फोडायचा. फोडण्याचं काम रसायनशास्त्र करतं. कोणता वाटा ठेवायचा हे मात्र चाचणी ठरवते. इथे चाचणी एकच होती: झोप येते का? अफूत डझनावारी अल्कलॉइड आहेत. हाती लागलं ते झोपवणारं.

न्यू ब्रन्सविक, न्यू जर्सी : १९४३

पायऱ्या उतरून तळघरात या. नाकाला लगेच ओळख पटते: पहिल्या पावसानंतर उठणारा मातीचा वास. बाहेर पाऊस नाही. वास येतोय तो काचेच्या बशांमधून. जमिनीत राहणारे आणि बुरशीसारखे तंतू सोडणारे हे जिवाणू, अ‍ॅक्टिनोमायसिटीस, जिऑस्मिन नावाचं एक संयुग बनवतात; मृद्गंध म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात मोठा वाटा त्याचा.

रटगर्स विद्यापीठाच्या शेतकी विभागाची ही इमारत. वर तिसऱ्या मजल्यावर सेलमन वॅक्समन यांची प्रयोगशाळा. अल्बर्ट शाट्झ हा त्यांचा विद्यार्थी, वय तेवीस, पगार महिन्याला ४० डॉलर. क्षयाचे जिवंत जंतू वर नकोत म्हणून त्याची रवानगी या तळघरात झाली आहे. पेनिसिलीन याच सुमाराला युद्धभूमीकडे निघालं आहे, पण त्याच्या माऱ्यातून जंतूंचा एक मोठा गट सुटतो. शाट्झनं लष्करी इस्पितळातल्या नोकरीत त्या जंतूंनी सैनिक दगावताना पाहिले आहेत. क्षयाचा जंतूही पेनिसिलीनला दाद देत नाही.

त्याच्या खांद्यावरून बघा. अगारच्या बशीत तो मधोमध एक रेघ ओढतो, मातीतल्या एका जिवाणूची. काही दिवस ती वाढू देतो. मग तिला काटकोनात दुसऱ्या रेघा ओढतो, प्रत्येक रेघ एकेका रोगजंतूची. बशी पुन्हा उबेत. आता झाकण उचला. एखादी आडवी रेघ मधल्या रेघेला जाऊन टेकली असेल, तर मधल्यानं तिला अडवलेलं नाही. एखादी अलीकडेच थांबली असेल, तर मधे काहीतरी पाझरलं आहे. ती रिकामी जागा म्हणजेच उत्तर. शेकडो बशांमध्ये ती नसते. शाट्झला ती दोन राखाडी-हिरव्या वाणांभोवती दिसते. एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला. तो त्याला डोरिस जोन्स या सहविद्यार्थिनीनं दिला होता.

टाळी वाजवायची घाई करू नका. याच विभागात १९४० मध्ये अ‍ॅक्टिनोमायसीन सापडलं होतं. बशीत त्यानं जंतूंचा धुव्वा उडवला आणि पिंजऱ्यात प्राण्यांचाही. तेव्हा ‘जंतू मारतं का?’ या प्रश्नाला जोडूनच दुसरा विचारावा लागतो: ‘आणखी काय मारतं?’ त्यासाठी प्राण्यांना टोचण्याइतका माल हवा, म्हणून ऊर्ध्वपातनाचं यंत्र रात्रभर धडधडत राहतं. शाट्झ तिथेच फरशीवर झोपतो. फ्लास्कवर त्यानं लाल रेघ मारून ठेवली आहे. द्रव त्या रेघेखाली गेला की रखवालदारानं त्याला उठवायचं. १९ ऑक्टोबरच्या दुपारी नवं प्रतिजैविक सापडल्याची त्याची खात्री पटते. वाण वाढवलेल्या नळीचं तोंड तो काच वितळवून बंद करतो. पुढे ती नळी तो आपल्या आईला देणार आहे.

स्ट्रेप्टोमायसीन या नव्या द्रव्याबद्दलच्या जानेवारी १९४४ च्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत: शाट्झ, एलिझाबेथ बगी, वॅक्समन. मेयो क्लिनिकमधले क्षयग्रस्त गिनिपिग स्ट्रेप्टोमायसीननं तगतात, मग माणसं तगतात. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळतं. त्याआधी शाट्झ कोर्टात गेलेला असतो आणि १९५० च्या तडजोडीत सहसंशोधक म्हणून त्याचं नाव कायद्यानं मान्य झालेलं असतं. हा वाद पुस्तकांचा विषय आहे. तुम्हाला अजून बरंच चालायचं आहे.

फिलाडेल्फिया : १९५७

इथे थोडाच वेळ थांबा. अमेरिकेच्या शेतकी खात्याची प्रयोगशाळा, भिंतभर कपाटं, कपाटांत वनस्पतींच्या अर्कांच्या बाटल्या. मन्रो वॉल इथे वनस्पतींमधली स्टेरॉइड शोधतात. कॉर्टिझोन महाग आहे. ते ज्यापासून बनवता येईल असं काही एखाद्या झाडात सापडलं, तर हवं आहे. हजारो वनस्पती त्यांनी याच एका प्रश्नासाठी तपासल्या. ज्यांच्याकडून उत्तर आलं नाही त्यांचे अर्कही त्यांनी जपून ठेवले.

एके दिवशी राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल येतात. या अर्कांचा थोडाथोडा भाग ते कर्करोगाच्या चाचणीसाठी मागतात आणि हजारएक नमुने रवाना होतात. पुढच्या वर्षी निकाल येतो. सगळ्यांत उठून दिसतो तो कॅम्प्टोथिका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा अर्क. झाड कॅलिफोर्नियातल्या सरकारी बागेत वाढवलेलं, बाटली त्याच कपाटातली, अर्क तोच. बदलला फक्त प्रश्न.

वॉल यांना या झाडाच्या मागे लागायचं आहे, पण शेतकी खात्यात कर्करोगाचं काम कोण करू देणार? बाटलीला आणखी काही वर्षं थांबावं लागणार. तोवर तुम्ही घराकडे एक चक्कर मारून या.

पिंपरी : १९६१ च्या सुमारास

पुणे-मुंबई रस्त्यालगतच्या या कारखान्यात उंच टाक्या उभ्या आहेत आणि हवेत आंबवणाचा दमट वास आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं वर्षभरात इथे पेनिसिलीन बनवायला घेतलं. संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीच्या नमुन्यांतून नवे जिवाणू वेगळे करताहेत.

न्यू ब्रन्सविकमध्ये पाहिलेल्याच बशा इथे आहेत, पण आडव्या रेघांमध्ये आता बुरशी आणि यीस्टही आहेत. स्ट्रेप्टोमायसीस गटातल्या एका जिवाणूच्या शेजारी बुरशी थबकली आहे. त्या जातीला पिंपरीचं नाव मिळतं, स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना, आणि औषधाच्या नावात कंपनीची आद्याक्षरं येतात: हॅमायसीन.

आता मनातल्या मनात एक खेळ करा. हाच जिवाणू शाट्झच्या बशीत ठेवा, जिथे आडव्या रेघा फक्त जिवाणूंच्या होत्या. काय दिसेल? काहीच नाही. सगळ्या रेघा येऊन मधल्या रेघेला टेकतील. हॅमायसीन पॉलीन गटातलं आहे आणि हा गट बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन भिडतो. जिवाणूंच्या पटलात असली स्टेरॉल सहसा नसतातच, मग भिडणार कशाला? बशी निर्जंतुक करून धुवायला गेली असती आणि वहीत एक शून्य पडलं असतं. ते शून्य खोटं नसतं. फक्त ते त्या जिवाणूबद्दल कमी आणि त्या बशीबद्दल जास्त सांगतं.

रिसर्च ट्रँगल, नॉर्थ कॅरोलायना : १९६६

पाइनच्या रानात नव्यानं वसवलेला संशोधनाचा परिसर. वॉल १९६० मध्ये इथे आले आणि काही काळानं कॅम्प्टोथिकाचं २० किलो लाकूड आणि साल त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांच्या शेजारी काम करणारे मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. जन्म १९२५ चा, रसायनशास्त्राचं शिक्षण मुंबई विद्यापीठात, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट आणि मग इथे.

हात पुढे करा, आता तुम्हीही या कामाला लागा. सालीचा भुगा आधी उकळत्या हेप्टेनमधून काढायचा, म्हणजे मेण आणि तेलं निघून जातात. मग अल्कोहोल. निघालेला काळपट काढा क्लोरोफॉर्म आणि पाण्यात वाटायचा. काही द्रव्यं खाली क्लोरोफॉर्मात जातात, काही वर पाण्यात राहतात. क्लोरोफॉर्मातला वाटा पुन्हा दोन द्रावकांत, नळीमागून नळी अकरा टप्प्यांत, सुपात धान्य पाखडत राहावं तसा पुढे सरकवायचा. ज्याची ओढ सरकत्या द्रावकाकडे जराशी जास्त ते पुढच्या घरात, जराशी कमी ते मागे. प्रत्येक टप्प्यावर अनेक बाटल्या, आणि दिसायला सगळ्या सारख्याच.

त्यांतली कोणती ठेवायची? नमुने उंदरांच्या चाचणीला पाठवायचे. त्या उंदरांना एल-१२१० नावाचा रक्ताचा कर्करोग दिलेला असतो. औषध न मिळालेले उंदीर थोड्याच दिवसांत मरतात. औषध मिळालेले किती दिवस जास्त जगले, तेवढं मोजायचं. म्हणजे इथे तुमचा प्रश्न दिवसांच्या मापात विचारला जातो आणि उत्तरही दिवस मोजूनच येतं. निकाल येईपर्यंत तुम्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचता.

शेवटी फिकट पिवळ्या सुया हाती येतात. दिवा मालवून त्यांच्या द्रावणावर अतिनील प्रकाश टाकला की ते निळसर उजळतं. अगदी थोड्या मात्रेत हे द्रव्य उंदरांचं आयुष्य दुपटीच्या जवळ नेतं. त्याला नाव मिळतं कॅम्प्टोथेसीन आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध होते.

यात एक गंमत आहे, ती वाणी यांच्या टेबलापाशी उभे आहात तोवर समजून घ्या. वनस्पतीतलं अल्कलॉइड शोधायची त्या काळातली वहिवाट ठरलेली होती: अर्क आम्लात घ्यायचा, आम्लात आलेलं ठेवायचं, मायर आणि ड्रॅगनडॉर्फची अभिकर्मकं टाकून साका बसतो का ते पाहायचं. कॅम्प्टोथेसीन रचनेनं अल्कलॉइड कुळातलं असलं तरी वागायला तसं नाही. आम्लाकडे ते ओढलं जात नाही, अभिकर्मकांना प्रतिसाद देत नाही. ‘तू अल्कलॉइड आहेस का?’ असं विचारत गेलं असतं, तर ते नाही म्हणालं असतं आणि मोरीत गेलं असतं. इथे उंदराला विचारलं, म्हणून ते वाचलं.

पुढचा धडा कडू आहे. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिरेतून देता यावं म्हणून त्याचं सोडियमचं मीठ बनवतात. १९७० च्या आसपास ते रोग्यांना दिलं जातं. मूत्राशयाला इजा होऊन लघवीतून रक्त जातं आणि फायदा तुटपुंजा. चाचण्या थांबतात. विरघळवण्याच्या खटपटीत रेणूतलं एक कडं उघडलं गेलं होतं, आणि ताकद होती ती त्या बंद कड्यातच. दशकाहून जास्त काळ हे द्रव्य बाजूला पडून राहतं. १९८५ मध्ये कळतं की ते टोपोआयसोमरेज-१ या विकराला पकडतं. डीएनएचे पीळ सोडवताना हे विकर एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसीन कापल्यानंतर त्याला तिथेच अडकवतं. मारा कुठे होतो ते कळल्यावर कामाला दिशा मिळते. १९९६ मध्ये टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही त्याची दोन भावंडं अमेरिकेत औषधं म्हणून मान्य होतात.

निघण्यापूर्वी शेजारच्या टेबलावरही नजर टाका. पॅसिफिक यू या झाडाची साल. १२ किलोमधून अर्धा ग्रॅम पांढरी पूड निघाली आहे. हे टॅक्सॉल. वॉल, वाणी आणि सहकारी १९७१ मध्ये त्याची रचना मांडणार आहेत. एल-१२१० च्या उंदरांत त्याचा प्रभाव बेताचाच होता. पुढे उंदरांमधल्या त्वचेच्या कर्करोगावर, बी-१६ वर, ते तपासलं तेव्हा कुठे कर्करोग संस्थेचे डोळे उघडले. १९९२ च्या डिसेंबरात त्याला बीजकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

पेइचिंग : १९७१

इथे पोचताच डोकं गरगरतं. ईथर! खोलीत हवा खेळती नाही. घरगुती पाण्याचे मोठे रांजण ओळीनं मांडलेत आणि त्यांत कसलासा पाला ईथरमध्ये भिजतो आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत प्रयोगशाळेला साजेशी भांडी मिळणं अवघड. व्हिएतनामच्या जंगलात मलेरिया सैनिकांना गाठतो आहे आणि क्लोरोक्विन निकामी होत चाललं आहे. त्यावर औषध शोधायची गुप्त मोहीम २३ मे १९६७ रोजी सुरू झाली. तिचं नाव तारखेवरूनच, ५२३. थू यूयू या मोहिमेतल्या इथल्या गटाच्या प्रमुख आहेत. पती खेड्यात धाडलेले, दोन्ही मुली दुसऱ्यांच्या हवाली.

दोन हजारांहून अधिक जुने औषधी पाठ या गटानं गोळा केले. छिंगहाव हा पाला मलेरियाच्या उंदरांत कधी छान उतरला, कधी साफ पडला. झाड तेच आणि चाचणीही तीच, तरी उत्तर दर वेळी वेगळं. खोट होती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. चौथ्या शतकातल्या क हुंग या वैद्याच्या पुस्तकात थू यांना एक ओळ पुन्हा दिसते: मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असं तिथे म्हटलं आहे. उकळण्याचा उल्लेखच नाही. उष्णतेनं गुण जात असेल का? म्हणून ३५ अंशांना उकळणारं ईथर. निघालेल्या अर्कातला आम्लधर्मी भाग त्यांनी काढून टाकला. त्यात विषारीपणा होता, गुण नव्हता.

४ ऑक्टोबर. नमुना क्रमांक १९१. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या रक्ताची काच. तांबड्या पेशी बघत काच सरकवत न्या. एकाही पेशीत परजीवी नाही. शंभर टक्के.

पुढच्या वर्षी रोग्यांना देण्यापूर्वी थू आणि त्यांचे सहकारी तो अर्क स्वतः घेऊन पाहतात, दवाखान्यात दाखल होऊन, देखरेखीखाली. आइनबेकच्या मागच्या खोलीपासून दीडशे वर्षांत एवढी सुधारणा नक्की झाली. या पाल्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी थू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. ते अर्ध्या वाट्याचं. उरलेला अर्धा सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना. ओमुरांनी जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून काढलेला स्ट्रेप्टोमायसीस अमेरिकेत कृमी झालेल्या उंदरांवर तपासला गेला, आणि त्यातून आयव्हरमेक्टिन आलं. मातीतल्या जिवाणूला या खेपेला जंतूंबद्दल नव्हे, जंतांबद्दल विचारलं होतं.

गोरेगाव, मुंबई : १९७२

सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी भारतीय वनस्पतींमधली रसायनं उलगडताहेत. या वर्षी ते आणि एन. विश्वनाथन पश्चिम घाटातल्या एका छोट्या झाडाबद्दल लिहितात. वनस्पतिशास्त्रात तेव्हा त्याचं नाव मॅपिया फीटिडा; आता ते नोथापोडायटिस निमोनियाना झालं आहे. सह्याद्रीतली माणसं त्याला नरक्या म्हणतात. त्यात कॅम्प्टोथेसीन आहे, शिवाय त्याचंच एक नवं भावंडही. आणि प्रमाण चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त.

ही बातमी तुम्ही गोरेगावात वाचता तेव्हा ती रसायनशास्त्राच्या नियतकालिकातली मोजकी पानं असतात. तिचं ओझं कळायला घाट चढावा लागेल.

आंबोलीचा घाट : आजचा पावसाळा

धुकं, जळवा आणि पायाखाली चिखल. नरक्याजवळ आल्याचं डोळ्यांआधी नाकाला कळतं. फुलांना घाण वास येतो. सोबतचा गावकरी कोयत्यानं वाट मोकळी करत म्हणतो, “पूर्वी पोत्यांनी लाकूड गेलं हेचं, दादा. व्यापारी किलोवर घ्यायचा. कशाला लागतं, ते आमाला कुणी सांगितलं नाय.”

जगात मागणी वाढली तशी सह्याद्रीतली ही झाडं तोडली गेली, मुळांसकट उपटली गेली, चोरट्या वाटांनी बाहेर गेली. वन खात्यानं पकडलेल्या नरक्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत अनेकदा आल्या आहेत.

पण एक प्रश्न माणसानं फार उशिरा विचारला: या रेणूचं झाडाला काय? टोपोआयसोमरेज-१ तर झाडालाही लागतं. मग स्वतःच्याच विषानं झाड मरत कसं नाही? २००८ मध्ये जपानी संशोधकांनी कॅम्प्टोथिकाचं हे विकर तपासलं. त्यात ७२२ क्रमांकाच्या जागी अ‍ॅस्परजीनऐवजी सेरीन आहे. बदल एवढाच, पण त्यामुळे कॅम्प्टोथेसीनची पकड बसत नाही. आणि नेमका हाच बदल या औषधाला न जुमानणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींमध्ये आधीच आढळला होता. औषध हरतं ते का हरतं, याचं उत्तर झाडानं आपल्या पेशींत केव्हाच लिहून ठेवलं होतं. त्याला तसं विचारलं नव्हतं एवढंच.

नॉरिच, इंग्लंड : २००२

परतीच्या वाटेवरचा शेवटचा थांबा. जॉन इनेस केंद्रातल्या बशांत स्ट्रेप्टोमायसीस सेलिकलर वाढतो आहे. त्याच्या पुंजक्यांवर निळ्या रंगाचे थेंब जमलेत. डेव्हिड हॉपवुड यांनी याच जिवाणूच्या अभ्यासात आयुष्य घातलं. अनेक दशकं तो प्रयोगशाळांत राबला आणि त्याच्याकडून मिळालेली नैसर्गिक द्रव्यं मूठभर. या वर्षी त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला: ८६ लाखांहून अधिक अक्षरं, ७,८२५ जनुकं. आणि अशी द्रव्यं बनवणारे जनुकांचे समूह वीसहून जास्त. म्हणजे त्यांतले बहुतेक बशीत मुकाटच बसून होते. मातीत त्यांना उपासमार भेटते, शेजारी भेटतात, शत्रू भेटतात. बशीत रोजचं ठरलेलं जेवण आणि ठरलेली ऊब. बोलायचं कारणच त्यांना मिळालेलं नव्हतं. ते कारण कसं द्यायचं, यावर आज जगभर काम चाललं आहे.

आता तुमच्या काळात या. फोनवर निरोप आलेलाच असेल: अमुक पाल्याच्या रसानं तमुक रोग बरा. तो पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी विचारा. कशावर तपासलं: बशीतल्या पेशींवर, उंदरावर की माणसांवर? कॅम्प्टोथेसीननं उंदीर जगवले, तरी रोग्यांपर्यंत नीट पोचायला त्याला तीस वर्षं लागली. कसं काढलं? पेइचिंगमध्ये सगळा निकाल द्रावक आणि तापमानावर फिरला. किती दिलं, आणि तेवढ्यात आणखी कशाला इजा झाली? हा प्रश्न आइनबेकला तीन पोरांच्या जिवावर बेतला असता.

आणि कुणी खांदे उडवून सांगितलं की ते झाड तपासून झालं, त्यात काही नाही, तरी हेच तीन प्रश्न तितक्याच चिकाटीनं विचारा. कॅम्प्टोथिकातून कॉर्टिझोनच्या कामाचं काही निघालं नव्हतं. वॉल यांनी बाटली फेकली नाही, म्हणून तिला दुसरा प्रश्न विचारता आला. घाटात तोडलेल्या नरक्याच्या बाबतीत ती सोय उरलेली नाही.